तंट्यातून आलेली वस्तू

इंग्रजीत ऐन वेळी एखाद्या पदार्थाचे नाव आठवले नाही की माणूस त्याला ‘थिंग’ म्हणतो. जर्मन आणि डच माणूस ‘डिंग’ म्हणतो. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन भाषांत तो ‘टिंग’ आहे. युरोपच्या उत्तरेला आणि वायव्येला पसरलेल्या या भाषांचा हा सामाईक शब्द, आणि वापरून वापरून तो पार गुळगुळीत झालेला. खडा, ताट, मत्सर, युद्ध, कशालाही तो चालतो. कशालाही चालतो म्हणून कशाविषयीच काही सांगत नाही. हाच शब्द तेराशे वर्षांपूर्वी सभेचे नाव होता. मोकळ्या माळावर माणसे शस्त्रे घेऊन जमत, तंटे मांडत, निवाडे करत. त्या जमण्याला ‘थिंग’ म्हणत. सातव्या शतकातल्या केंटच्या कायद्यांत तो याच अर्थाने आला आहे.

सभेचे नाव वस्तूला कसे लागले, हा प्रश्न शब्दकोशापुरता मिटणारा नाही असे मला वाटते. एखादी वस्तू आपल्याला ‘वस्तू’ म्हणून वेगळी दिसते, ती तिच्यावरून आधी चार माणसांत बोलणे झालेले असते म्हणून, बहुधा भांडणही झालेले असते म्हणून. या शब्दाचा आणि त्याच्या सोबत्यांचा प्रवास हा मला त्याचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

आधी ती सभा कशी होती ते पाहू. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 98 च्या सुमारास ‘जर्मानिया’ लिहिले. जर्मन टोळ्यांचा स्थानिक शब्द तो देत नाही, पण त्यांच्या सभेचे वर्णन बारकाईने करतो. अमावास्येला किंवा पौर्णिमेला लोक जमत. सगळे एकदम येत नसत, वाट पाहण्यात दोन-तीन दिवस सहज जात, आणि शिस्तप्रिय रोमन मनाला हे खटकत होते हे त्याच्या लिहिण्यावरून कळते. शांतता राखण्याचा अधिकार पुरोहितांकडे असे. वक्त्याचे म्हणणे पटले नाही तर लोक कुरकुर करत. पटले तर भाले एकमेकांवर आपटत. इंग्लंडच्या यॉर्कशर आणि लिंकनशर भागांत पुढे कित्येक शतके प्रशासकीय विभागाला ‘वापनटेक’ म्हणत, त्यातही सभेत शस्त्र उगारण्याचा हाच अर्थ आहे.

या सभेच्या नावाची सर्वांत जुनी लेखी खूण सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. उत्तर इंग्लंडमध्ये हॅड्रियनच्या भिंतीवर हाउसस्टेड्स नावाचा रोमन किल्ला आहे. तिथे 1883 मध्ये एक दगडी वेदी मिळाली. रोमन सैन्यात नोकरी करणाऱ्या, आजच्या नेदरलँड्समधल्या ट्वेंटे भागातून आलेल्या सैनिकांनी ती तिसऱ्या शतकात उभारली होती, ‘मार्स थिंक्सस’ या देवासाठी. मार्स हा रोमनांचा युद्धदेव. थिंक्सस म्हणजे थिंगचा, सभेचा रक्षक, असा अनेक अभ्यासकांचा कल आहे. डच ‘डिन्सडाख’ आणि जर्मन ‘डीन्सटाग’ ही वारांची नावे याच देवाची मानली जातात. आपणही तो वार मंगळाच्याच नावे ठेवला आहे; तिथे मंगळ सभेचाही राखणदार होता, एवढेच.

युद्धदेव सभेचा रक्षक कसा, हे कोडे वाटेल. मला ते अगदी सरळ वाटते. शस्त्रधारी माणसे वैर घेऊन एका जागी येतात, तेव्हा हाणामारी थोपवून धरण्याचे सामर्थ्य ज्याच्यात आहे असा देव लागतो. तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘एगिलची सागा’ या आइसलँडिक कथेत नॉर्वेच्या गुलाथिंग सभेचे वर्णन आहे. सपाट जागेवर हेझलच्या काठ्या वर्तुळात रोवलेल्या, त्यांच्याभोवती दोर गुंडाळलेला. त्या दोराला ‘पवित्र बंध’ म्हणत. आत तीन जिल्ह्यांचे प्रत्येकी 12 असे 36 न्यायकर्ते बसलेले, वादी-प्रतिवादी बाहेर. कवी आणि योद्धा एगिल आपल्या बायकोच्या वारसाहक्कासाठी तिथे उभा राहतो. खटला आपल्या माणसाच्या विरुद्ध जाणार असे दिसताच राणी गुनहिल्ड आपल्या लोकांना पुढे घालते. ते काठ्या मोडतात, दोर कापतात आणि न्यायकर्त्यांना पिटाळून लावतात. दोर तुटला की न्याय संपला. एका साध्या दोराने हाणामारी आणि वादविवाद यांच्यात केवढी रेघ ओढली होती, हे या प्रसंगात जसे कळते तसे मला कोणत्याही राज्यघटनेच्या प्रस्तावनेत कळलेले नाही.

या सभांमधली सर्वांत नामांकित म्हणजे आइसलँडची आल्थिंग. सन 930 मध्ये थिंगवेट्लिर इथे ती सुरू झाली. उत्तर अमेरिकेचे आणि युरेशियाचे भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, तीच ही खचदरी. देशात राजा नव्हता, फौज नव्हती, निकाल अमलात आणणारा अधिकारी नव्हता. निकाल ज्याच्या बाजूने लागला त्यानेच तो वसूल करायचा. कायदा लिहिलेला नव्हता. निवडून आलेला कायदेवक्ता ‘कायद्याच्या खडका’वर उभा राहून दर उन्हाळ्यात एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी, म्हणजे त्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत सगळा कायदा एकदा सर्वांच्या कानांवरून जाई. सन 1000 च्या सुमारास नवा ख्रिस्ती धर्म घ्यायचा की जुने देव ठेवायचे यावरून देश दुभंगायची वेळ आली, तेव्हा निवाडा थोर्गेइर नावाच्या कायदेवक्त्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला की सर्वांनी ख्रिस्ती व्हावे. घोड्याचे मांस खाणे, नको असलेले मूल टाकून देणे आणि लपूनछपून जुनी पूजा करणे याला त्याने मुभा ठेवली. त्यातली मधली मुभा वाचताना अंगावर काटा येतो. पण स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध निकाल देणारा माणूस आणि तो निकाल मानणारे दोन्ही पक्ष हे सभेवरचा विश्वास किती खोल होता ते दाखवतात.

हा अर्थ मेलेला नाही. नॉर्वेची संसद ‘स्टुर्टिंग’, डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’, स्वीडनचे जिल्हा न्यायालय ‘टिंग्सरेट’. आयल ऑफ मॅनची ‘टिनवॉल्ड’ ही ‘थिंगचे मैदान’ या शब्दाचेच रूप. तिथे दरवर्षी, सहसा 5 जुलैला, सेंट जॉन्स गावच्या चार पायऱ्यांच्या टेकडीवर नवे कायदे इंग्रजी आणि मँक्स भाषांत पुकारले जातात. मंजूर झाल्यावर 18 महिन्यांत असे पुकारले गेले नाहीत तर ते गळून पडतात. त्याच दिवशी कोणाही माणसाला टेकडीच्या पायथ्याशी येऊन आपले गाऱ्हाणे लेखी देता येते. ब्रिटनमध्ये उमेदवारांच्या प्रचारसभेला ‘हस्टिंग्ज’ म्हणतात, तो शब्दही ‘हूसथिंग’, म्हणजे सरदाराच्या घरची सभा, यातून आलेला.

शब्दाच्या आणखी मागे गेले की तिथे सभाही दिसत नाही, दिसते ती वेळ. गॉथिक भाषेतला त्याचा नातलग ‘थेइह्स’ म्हणजे काळ. तेव्हा थिंग म्हणजे मुळात ठरवून दिलेली वेळ असावी. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडे ‘तारीख’ या शब्दात अख्खी सुनावणी मावते. जर्मनमध्ये ‘दिवस’ आणि ‘डिंग’ जोडून ‘टागेडिंग’ झाले, म्हणजे सुनावणीचा दिवस, आणि त्यातूनच बचाव करणे या अर्थाचे आजचे ‘फेरटाइडिगेन’ हे क्रियापद निघाले. डच भाषेत खटल्याला अजून ‘खेडिंग’ म्हणतात.

मग पायरी पायरीने अर्थ सरकला. ठरलेली वेळ, त्या वेळी जमलेली सभा, सभेपुढे आलेले प्रकरण, मग कोणतेही प्रकरण, आणि शेवटी कोणतीही वस्तू. गाय चोरीला गेली, कुरणाच्या हद्दीवरून वाद झाला, म्हणून गाय आणि कुरण सभेपुढे आले. काळाच्या ओघात सभा उठून गेली, गाय आणि कुरण राहिले, आणि सभेचे नाव त्यांच्या अंगावर तसेच राहून गेले.

इथे हरकत घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. आज ‘थिंग’ म्हणणाऱ्याच्या मनात सभा नसते. जुन्या अर्थावर नवे तत्त्वज्ञान उभारणे म्हणजे खापरपणजोबांच्या नावावर कर्ज मागणे. एकाच शब्दाची कथा असती तर मीही हा विषय शब्दवेल्हाळांवर सोपवला असता. पण हा प्रवास एकदाच झालेला नाही.

जर्मनमध्ये वस्तूला दुसरा शब्द आहे ‘झाखं’. त्याचा जुना अर्थ दावा, भांडण. इंग्रजीतला ‘सेक’, म्हणजे ‘च्यासाठी’ असे सांगताना येणारा शब्द, त्याचाच भाऊ. जुन्या इंग्रजीत तो कज्जाच होता. म्हणजे जर्मन माणसाकडे वस्तूसाठी दोन साधे शब्द, आणि दोन्ही कचेरीतून आलेले. त्याहून पुढची गंमत अशी की भावना बाजूला ठेवून वस्तुनिष्ठ बोलण्याला जर्मन ज्याला ‘झाख्लिश’ म्हणतात, तो गुणही भांडणाच्याच पोटी जन्मला. लॅटिनकडे वळा. ‘काउझा’ म्हणजे खटला. त्याचे इटालियनमध्ये आणि स्पॅनिशमध्ये ‘कोसा’ झाले, फ्रेंचमध्ये ‘शोझ’, पोर्तुगीजमध्ये ‘कोइझा’, आणि सगळ्यांचा अर्थ वस्तू. लॅटिनचा आणखी जुना शब्द ‘रेस’, आपल्या वेदांतल्या ‘रयि’चा, धनाचा, नातलग, त्याच्यापासून ‘रेउस’, म्हणजे आरोपी, आणि त्याच्यापासूनच ‘रेस पुब्लिका’, लोकांची बाब, म्हणजे प्रजासत्ताक. पोलिश भाषा वस्तूला ‘झेच’ म्हणते, आणि तो रशियनमधल्या ‘रेच’चा, म्हणजे बोलण्याचा, सख्खा भाऊ. पोलंडच्या राष्ट्रनामात तो बसला आहे: झेचपोस्पोलिता. आइसलँडने ‘थिंग’ सभेकडेच ठेवले म्हणून वस्तूसाठी तिथे रोजचा शब्द ‘ह्लुतुर’ झाला, आणि त्याचा मूळ अर्थ वाट्याला आलेला हिस्सा. वाटणी झाल्याशिवाय वस्तू नाही.

आणि मराठी. ‘बाजारातून चार गोष्टी आणायच्या आहेत’ हे वाक्य आपण रोज बोलतो. ही गोष्ट संस्कृत ‘गोष्ठी’तून आली, म्हणजे चार जणांचे बसणे, संभाषण, त्याच्या मागे ‘गोष्ठ’, म्हणजे गाई बांधायची जागा, जी आपल्या ‘गोठ्या’त अजून शाबूत आहे. ज्ञानेश्वरीत तो शब्द ‘गोठी’ या रूपात पुन्हा पुन्हा येतो. जमण्याच्या जागेतून जमणे, जमण्यातून बोलणे, बोलण्यातून कथा आणि बाब, आणि अखेर पिशवीत भरून आणायची वस्तू. आइसलँडच्या माळावरून कोणी हा मार्ग आपल्याला शिकवला नाही. ‘मुद्दा’ हा शब्दही अरबीतून फारसीमार्गे आला तो दावा या अर्थाने, आणि पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेली मोटारसायकल ‘मुद्देमाल’ असते ती त्यामुळेच. जोवर खटला आहे तोवर ती मोटारसायकल नसते, पुरावा असते. अहवालात तिची नोंद होते, पंच सही करतात, तिला क्रमांक मिळतो. न्यायालयाच्या हुकमाशिवाय तिच्या चाकालाही कोणी हात लावू शकत नाही.

एकमेकींपासून दूर पांगलेल्या भाषा जेव्हा एकाच वाटेने चालतात, तेव्हा ती वाट शब्दांची नसते, माणसांच्या जगण्याची असते. दगड सभेच्या आधीही असतो, हे मला मान्य आहे. पण दगडांच्या राशीतला हाच एक दगड, इथून इथपर्यंतचा, माझा की तुझा, हद्दीचा की देवाचा, हे ठरवण्यासाठी दोन माणसे लागतात आणि त्यांच्यात मतभेद लागतो. एकट्या माणसापुढे सगळे जग एकसंध पसरलेले असते. त्यातून वस्तू सुटी होते ती दुसऱ्याने तिच्यावर बोट ठेवल्यावर.

विसाव्या शतकात या शब्दाची आठवण जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने करून दिली. 1950 मधल्या ‘वस्तू’ या व्याख्यानात त्याने एक साधी सुरई घेतली. सुरईत जमीन आणि आकाश, देव आणि मर्त्य माणसे एकत्र येतात. वस्तू ही एकत्र आणणारी असते, जशी जुनी थिंग असे. व्याख्यान सुंदर आहे. तरी मला त्यात एक मोठी उणीव जाणवते. त्याच्या सुरईभोवती सगळे जमतात, पण कोणी भांडत नाही. सुरई कोणाच्या मालकीची, कुंभाराला किती मिळाले, घोट कोणाला नाकारला, असा एकही प्रश्न तिथे उठत नाही. थिंग म्हणजे वादाच्या प्रकरणावर विचार करणारी सभा, हे हायडेगरला ठाऊक होते, ते तो सांगतोही. मात्र सुरईपाशी येताना वाद मागेच सोडून येतो.

वादाशिवायची थिंग कशी दिसते ते त्याच्याच देशाने पाहिले होते, त्याच्याच उमेदीच्या काळात. 1933 नंतर, म्हणजे हायडेगर स्वतः ज्या वर्षी नाझी पक्षात गेला त्यानंतर, नाझी राजवटीने जर्मनीभर उघडी प्रेक्षागारे बांधायला घेतली आणि त्यांना नाव दिले ‘थिंगश्टेटं’, थिंगच्या जागा. हायडेलबर्गच्या टेकडीवरचे भव्य दगडी प्रेक्षागार प्रचारमंत्री गोबेल्सने 22 जून 1935 रोजी खुले केले. ते आजही उभे आहे. हजारो माणसे दगडी पायऱ्यांवर एका रांगेमागे एक बसणार, सगळ्यांची तोंडे खाली मंचाकडे, तिथून समूहगान आणि घोषणा येणार. नाव प्राचीन, मशाली प्राचीन. फक्त कोणी उठून ‘मला हे मान्य नाही’ म्हणायची सोय नाही. गुनहिल्डच्या माणसांनी निदान दोर उघडपणे कापला होता. इथे दोर कापून त्याच्याच पताका केल्या. ही चळवळ थोड्याच वर्षांत विझली, पण परंपरेच्या नावाने गर्दी जमवणे म्हणजे सभा भरवणे नव्हे, हे तिने कायमचे दाखवून ठेवले आहे.

फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनी 2005 मध्ये कार्ल्सरूह इथल्या प्रदर्शनातून हाच शब्द पुन्हा वापरात घेतला, आणि यावेळी वाद आत घेऊन. कोलंबिया हे अवकाशयान 2003 मध्ये फुटेपर्यंत एक निर्जीव यंत्र होते. फुटल्यावर तपास, समित्या, अभियंते, अंदाजपत्रक असे सगळे त्याभोवती जमले आणि ते यंत्र पुन्हा थिंग झाले. लातूर यांचे म्हणणे मला हायडेगरपेक्षा कितीतरी जवळचे वाटते. मात्र त्यांनी जितका विचार सभेत काय आले याचा केला, तितका सभेत कोण येऊ शकले नाही याचा केलेला दिसत नाही. आणि मला वाटते, या शब्दाचा सर्वांत कडवट धडा तिथेच आहे.

एगिलच्या खटल्याकडे परत जाऊ. वाद कशाचा होता? त्याच्या बायकोचा, आसगेर्डचा, वारसाहक्क. प्रतिपक्षाचा दावा असा की तिचा जन्म दासीच्या पोटचा धरायला हवा, म्हणून वारसा तिला लागू होत नाही. दोराच्या आत 36 पुरुष, बाहेर दोन पुरुष, आणि ज्या बाईचा जन्म, कूळ आणि वाटा पणाला लागला आहे ती कुठेच बोलत नाही. ती पक्षकार नाही, प्रकरण आहे. म्हणजे ‘थिंग’च्या दोन्ही अर्थांमधली रेघ ती दोरीच होती: जे आत बोलू शकतात ते सभा, ज्यांच्याविषयी बोलले जाते ती वस्तू.

रोमन कायद्याने हे स्पष्टच सांगून टाकले होते. गुलाम ‘रेस’ आहे, वस्तू आहे. शेतीवर लिहिणाऱ्या वॅरोने इसवी सनापूर्वी 37 मध्ये शेतीच्या साधनांचे तीन प्रकार केले: मुके, म्हणजे गाड्या, अर्धे बोलके, म्हणजे बैल, आणि बोलके, म्हणजे गुलाम. बोलता येते हे मान्य करूनही त्याला अवजारांत मोजले. त्याला वाचा होती, सभा नव्हती. थिंगवेट्लिरमध्येही खडकाजवळच ऑक्सारा नदीचा एक डोह आहे, बुडवण्याचा डोह याच नावाचा. सोळाव्या शतकातल्या कडक कायद्यानंतर व्यभिचार किंवा बालहत्येच्या आरोपाखाली दोषी ठरवलेल्या बायकांना तिथे पाण्यात बुडवून मारले जाई. ज्या देशाने कधीकाळी नकोसे मूल टाकून द्यायला सभेच्या संमतीने मुभा दिली होती, त्याच सभेच्या जागी पुढे आईला बुडवले गेले. दोन्ही निर्णयांत तिला बोलायला जागा नव्हती.

म्हणून सभेत कोण आहे यावर जगात कोणत्या वस्तू आहेत हे ठरते, असे मी म्हणतो, आणि ते शब्दशः खरे मानतो. घरकामाचे उदाहरण घ्या. शतकानुशतके ते होते आणि तरी ते ‘थिंग’ नव्हते. कोणत्याही सभेपुढे ते प्रकरण म्हणून आले नव्हते, म्हणून त्याला ना मोजमाप, ना मोल, ना नाव. 24 ऑक्टोबर 1975 रोजी आइसलँडच्या बायकांनी नोकरी, स्वयंपाक, मुले सांभाळणे, सगळे एका दिवसासाठी बंद ठेवले. सुमारे 90 टक्के स्त्रिया त्यात होत्या. शाळा आणि पाळणाघरे बंद पडली, मासळीचे कारखाने थांबले, वडील मंडळी मुलांना कार्यालयात घेऊन गेली. राजधानी रेक्याविकच्या चौकात हजारो बायका जमल्या आणि तिथे भाषणे झाली. ज्याला आदल्या दिवशीपर्यंत कोणी काम म्हणत नव्हते, ते त्या दिवशी देशातली सर्वांत मोठी बाब झाले. पुढच्याच वर्षी, 1976 मध्ये, आल्थिंगने स्त्री-पुरुष समानतेचा कायदा केला. 1980 मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या. आणि 1983 मध्ये फक्त स्त्रियांच्या यादीने निवडणूक लढवून आल्थिंगमध्ये 3 जागा मिळवल्या. पाळणाघरे, बाळंतपणाची रजा आणि समान वेतन या प्रश्नांवर स्त्रिया स्वतः उभ्या राहून भांडू लागल्या.